तिसरं रीळ

परभणीच्या बसस्टँडवर खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. पण तो मोडला म्हणून डोकी फुटलेली सत्यशीलानं स्वतः पाहिली होती. म्हणून श्रावणातल्या त्या भुरभुरत्या दुपारी सोनपेठच्या गाडीत तिनं रीतसर, खिडकीतून, नेम धरून रुमाल टाकला. मग छत्री, पिशवी आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सांभाळत, दोन पोती आणि एक शेळी ओलांडून ती वर चढली. पाहते तो काय, आपल्या रुमालावर एक पत्र्याची पेटी ऐसपैस बसलेली. शेजारी एक उंच, चष्मेवाला तरुण. उभा. पेटी बसलेली आणि माणूस उभा!

“ही पेटी कुणाची?”

“माझी. म्हणजे… आमच्या मंडळाची.”

“खाली रुमाल आहे माझा.”

“हो, पाहिला मी. नीट घडी करून ठेवलाय खाली. पेटीला हादरे बसू नयेत म्हणून.”

सत्यशीला सोनपेठच्या ज्युनिअर कॉलेजात चार वर्षं इंग्रजी शिकवत होती. बावीस क्रियापदांची तीन-तीन रूपं एका दमात म्हणणारी तिच्या जिभेला त्या क्षणी एकच आज्ञार्थ सापडला.

“पेटी खाली ठेवा,” ती शेवटी म्हणाली.

“खाली ठेवता येत नाही. आत सिनेमा आहे.”

“सिनेमाचं तिकीट काढलंय का?”

त्यानं खिशातून काढून दाखवलं. “अर्धं. कंडक्टर म्हणत होता लगेज लावतो. लगेज टपावर जातं आणि वर पाऊस. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली.”

त्याच्या चष्म्यावर पावसाचे बारीक थेंब होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. सत्यशीलाच्या मनात आलं, माणूस वेडा असावा. मग आलं, डोळे बरे आहेत. या दोन विचारांचा काहीएक संबंध नव्हता. पण गंगाखेड येईपर्यंत ती खिडकीशी बसली होती, पेटी तिच्या मांडीवर होती, आणि तो शेजारी दांडीला लोंबकळत दीड तास एका जुन्या अमेरिकन सिनेमाबद्दल बोलत होता. खुनाचा सिनेमा, काळा-पांढरा. त्यात सावल्या कशा पडतात, सिगारेटचा धूर कसा वळतो, माणसाचा अर्धा चेहरा अंधारात का ठेवलाय… हा मनुष्य पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो, नाव बन्सीधर, आणि परभणीतल्या सतरा जणांच्या चित्रपट मंडळाचा सेक्रेटरी आहे, एवढी माहिती तिला सावल्यांच्या फटीतून गोळा करावी लागली.

गंगाखेडला तो पेटी घेऊन उतरला. रुमालही घेऊन उतरला.

पुढच्या रविवारी रुमाल परत द्यायला तो सोनपेठला आला. रुमाल धुतलेला, इस्त्री केलेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी मंडळाचं सभासदत्वाचं पत्रक द्यायला आला. त्याच्याही पुढच्या रविवारी पत्रकात एक चूक राहिली म्हणून ते दुरुस्त करायला आला. अशा रीतीनं ‘सोनपेठला त्या सिनेमाचा एक खेळ करायचा’ हा ठराव जन्मला. यजमान म्हणून कॉलेजचं इंग्रजी वाङ्मय मंडळ, म्हणजे सत्यशीला. आणि पाहुणे म्हणून परभणीचं चित्रपट मंडळ, म्हणजे बन्सीधर.

ठरावाला सात महिने लागले. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा बंद आला. पहिला बंद विद्यापीठाचं नामांतर व्हावं म्हणून होता, दुसरा होऊ नये म्हणून. एसटीच्या काचांना दोन्हींचा सारखाच अनुभव आला. तिसऱ्या तारखेला पोलिसांची परवानगी लागली. अर्जावर फौजदारांनी विचारलं होतं, ‘सदर चित्रपटात नामांतराबाबत अनुकूल अथवा प्रतिकूल उल्लेख आहे काय?’ सत्यशीलानं लिहिलं, ‘सदर चित्रपट एकोणीसशे सत्तेचाळीस साली अमेरिकेत निघालेला आहे.’ शेरा आला, ‘उत्तर स्पष्ट नाही.’

हे सगळं तिनं सोसलं. सोसवत नव्हतं ते एकच. सात महिन्यांत बन्सीधर तिच्याशी सावल्यांवर बोलला, धुरावर बोलला, टोपीच्या कडेवर बोलला. आणि दर भेटीत एकदा, गाडीची वेळ झाली की, चष्मा काढून म्हणाला, “मला तुम्हाला एक सांगायचं होतं…” मग गाडी यायची. एसटी वेळेवर न येण्याबद्दल जगप्रसिद्ध. पण या एका वाक्याला ती कधी चुकली नाही.

आणि गेल्या बुधवारी ताडकळसहून वडिलांचं तिसरं पोस्टकार्ड आलं. दत्तरावांचा, म्हणजे बापूंचा, मजकूर मोजका असे. ‘झरीचे पाहुणे थांबून आहेत. मुलगा सुस्वभावी, तीस एकर ओलीत, फटफटी आहे. तुझ्या मनात दुसरं काही असेल तर सोमवारपर्यंत कळव. नसेल तर मी होकार देतो.’

तुझ्या मनात दुसरं काही असेल तर! मनात होतं, पण ज्याच्याबद्दल होतं त्याच्या तोंडून ते बाहेर पडत नव्हतं. बापूंना काय कळवायचं? एक माणूस आहे, त्याला मला एक सांगायचं असतं, असं?

खेळ रविवारी होता. सोमवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी होता. आणि बन्सीधरची परतीची शेवटची गाडी सव्वापाचची. सत्यशीलानं ठरवलं: सव्वापाचपर्यंत. सव्वापाचनंतर झरी.

*

आबासाहेब हे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि जिनिंगचे मालक. हंगाम संपलेला, म्हणून कापसाचं गोदाम मोकळं होतं. पत्र्याला जागोजाग भोकं होती आणि त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरत होत्या. कॉलेजचा शिपाई सटवाजी शिडी लावून वर चढला आणि एकेका भोकात कापसाचे बोळे कोंबत गेला.

“अजून एक राहिलं, सटवाजी! उजवीकडे!” बन्सीधर खालून ओरडत होता. “सावल्यांचा सिनेमा आहे. उजेड चालत नाही.”

“सायब, माझ्या आज्याच्या लग्नातबी येवढं झाकपाक न्हवतं,” सटवाजी वरून म्हणाला.

दोन पांढरी धोतरं शिवून पडदा केला होता. दीडशे माणसं जमली होती. बाया डावीकडे, बाप्ये उजवीकडे. बायांच्या पहिल्या रांगेत कडूबाई बसली होती. ही सत्यशीलाची घरमालकीण. तिला सिनेमात रस नव्हता, सेक्रेटरीत होता. बन्सीधरचं आडनाव, गाव, मामाचं गाव हे तिनं तिसऱ्याच रविवारी काढून घेतलं होतं, आणि सगळं ‘जमण्यातलं’ आहे असा निर्वाळाही दिला होता. आमच्याकडे प्रेम करायला हरकत नसते, आडनावाचं आधी बघून ठेवावं लागतं एवढंच.

सिनेमा इंग्रजी, तेव्हा पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभं राहायचं आणि संवाद मराठीत सांगायचे, हे काम सत्यशीलाकडे होतं. त्याबद्दल बन्सीधरनं तिला आधीच बजावलं होतं.

“मॅडम, बोललेलं तेवढंच सांगा. जिथं शांतता आहे तिथं… कृपा करून, काहीही बोलू नका.”

साडेअकराला खेळ सुरू झाला. पडद्यावर रात्र, पाऊस, एक दिव्याचा खांब, आणि खांबाखाली टोपी घातलेला एक माणूस. तो वरच्या एका उजेडाच्या खिडकीकडे बघत उभा. एक मिनिट गेलं, दोन गेली. सत्यशीला गप्प.

“बाई, काय म्हन्तोय तो?” बाप्यांतून विचारणा झाली.

“काही म्हणत नाही.”

“मंग कामून उभा हाय?”

“त्या खिडकीत एक बाई राहते,” सत्यशीला म्हणाली.

“मंग वर जायाचं ना! पावसात कशाला भिजायलाय बेनं?”

प्रोजेक्टरच्या मागून बन्सीधरचा “श्शू…” असा आवाज आला. सत्यशीलानं ओठ आवळले. तिला श्रोत्यांचा प्रश्न रास्त वाटला होता.

पहिलं रीळ पस्तीस मिनिटं चाललं असेल, तोच दार करकरलं, उजेडाचा लोट आत आला आणि त्यातून आबासाहेब आले. सगळे उभे राहिले. प्रोजेक्टर थांबला. हार झाला, नारळ झाला, ‘दोन शब्द’ झाले. ते मोजले असते तर हजारभर भरले असते. मग आबासाहेब पुढच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हं. करा सुरू. पयल्यापून.”

“पहिल्यापासून?” बन्सीधर उभाच राहिला. “अहो, अर्धा तास झालाय…”

आबासाहेबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “सेक्रेटरीसायब, पाव्हण्याला कुनी उष्ट्या ताटावर बसवतं का?”

गावात कीर्तन असो, गोंधळ असो, की सत्यनारायण, मोठा माणूस उशिरा आला की अध्याय पुन्हा पहिला. त्यानं लवकर यावं असं कुणी सुचवत नसे. तसं सुचवणं उद्धटपणाचं झालं असतं.

रीळ उलटं गुंडाळायला पाच-सात मिनिटं लागत. अंधारात बॅटरी धरायला सत्यशीला प्रोजेक्टरपाशी आली. गरम दिव्याचा, जळक्या धुळीचा वास होता. झोतात कापसाचे तंतू तरंगत होते आणि त्यातला एक बन्सीधरच्या भुवईवर येऊन बसला होता. तिनं तो काढला नाही. पण बराच वेळ पाहिला.

“उद्या सोमवार,” ती म्हणाली.

“हो. उद्या रिळं पुण्याला परत पाठवायचीत.”

“उद्या मला बापूंना उत्तर कळवायचंय. झरीचं स्थळ आहे. मी काही बोलले नाही तर ते हो म्हणतील.”

रीळ फिरवणारा हात थांबला. बॅटरीच्या उजेडात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता, अर्धा नाही. आणि हे त्याला ठाऊक असतं तर नक्की आवडलं असतं.

“झरी…” तो म्हणाला. “म्हणजे… उद्याच?”

“उद्याच.”

“मला तुम्हाला एक…”

“सायब!” सटवाजी हजर. “नारळ फोडायचा राह्यला. मिशनीपुढं फोडू का पडद्यापुढं?”

*

दुसऱ्यांदा रात्र, पाऊस, खांब, माणूस. दुसऱ्यांदा सत्यशीलानं गप्प राहून त्याची शांतता पाळली. माणूस वर गेला, बाईला भेटला. बाई सुंदर आणि खोटारडी. कुणाचा तरी खून झालेला आणि संशय तिच्यावर. रंगात आलं होतं. आणि दार करकरलं.

या नर्मदाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि आबासाहेबांच्या भावजय. आबासाहेबांच्या आधी त्या कुठंच पोचत नसत. मागून येणारा मोठा, असं त्या घराचं गणित होतं. हार, नारळ, दोन शब्द.

“आन् भावजींसाठी पयल्यापून लावला म्हनं?” नर्मदाबाई बसता बसता म्हणाल्या. झालं.

पुन्हा रीळ, पुन्हा बॅटरी.

“काहीतरी म्हणत होतात,” सत्यशीला म्हणाली.

“हो. मला… म्हणजे मी असा विचार करत होतो, की…” त्यानं चष्मा काढला. पुसला. घातला. “तुम्ही पाहिलंत का, त्या पहिल्या दृश्यात खांबाची सावली थेट दारापर्यंत गेलीय, पण त्याचा पाय तिथपर्यंत जात नाही. मला वाटतं दिग्दर्शकाला त्यातून…”

“दिग्दर्शकाचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?”

“मला… मला वाटतं, कॅमेरा खाली ठेवलाय.”

बॅटरी त्याच्या हातात ठेवून ती पडद्याकडे निघून गेली.

तिसऱ्यांदा वीसच मिनिटं चाललं आणि फौजदार आले. हे काही सिनेमा बघायला आले नव्हते, आक्षेपार्ह बघायला आले होते. आणि आक्षेपार्ह कुठंही असू शकतं, सुरुवातीलाही. तेव्हा पहिल्यापासून. या वेळी सत्यशीला बॅटरी धरायला गेलीच नाही. पडद्यापाशी माईक धरून उभी राहिली. पावणेतीन वाजले होते. कडूबाई पुढच्या रांगेतून तिच्याकडे बघत होती.

“काय म्हन्ला का?” कडूबाईनं खुणेनं विचारलं.

सत्यशीलानं मान हलवली. “कॅमेरा खाली ठेवलाय म्हणाला.”

“ऑ? कुठं ठिवला?”

चौथ्यांदा रात्र. चौथ्यांदा पाऊस. खांबाखाली चौथ्यांदा तोच माणूस, तीच टोपी, तीच खिडकी. आणि सत्यशीलाचं पित्त खवळलं.

“हा माणूस बघा,” ती माईकमध्ये म्हणाली. दीडशे माणसांनी कान टवकारले. आतापर्यंत इथं बाई गप्प असत. “सात महिने झाले, हा असाच येतो. येतो, उभा राहतो. वर ती बाई दिवा लावून बसलीय. तिला कळत नाही का हा खाली आहे? सगळं कळतं. पण याला वाटतं, आपण सावलीत उभे आहोत म्हणजे लय मोठं काम करतोय.”

“हात तुझ्या!” बाप्यांतून दाद आली.

“मॅडम…” प्रोजेक्टरमागून घोगरा आवाज. “तो असं काही म्हणत नाही.”

“तो काहीच म्हणत नाही! म्हणून तर मला म्हणावं लागतंय.”

गोदाम खदखदून हसलं. फौजदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. सत्यशीलाचे कान तापले होते; पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. बाकीचं रीळ तिनं असंच सांगितलं. पडद्यावरचा माणूस इंग्रजीत खुनाची चौकशी करत होता आणि मराठीत त्याची खरडपट्टी निघत होती. त्यानं सिगारेट पेटवली की ती म्हणे, “आता बोलायची वेळ आली, म्हणून काडी पेटवली.” खिडकीबाहेर बघितलं की म्हणे, “बाई समोर बसलीय आणि हा पाऊस बघतोय.” मागून प्रोजेक्टरची खरखर तेवढी ऐकू येत होती.

दुसरं रीळ न थांबता पार पडलं. गावात मोठी माणसं संपली होती. पोलीस बाईच्या मागावर, माणसाच्या हातात पुरावा. तो खरा की ती खरी, अशा ठिकाणी रीळ संपलं. साडेचारला बन्सीधरनं तिसरं रीळ चढवलं, बटण दाबलं, आणि गावची वीज गेली.

*

कापसाचे बोळे कोंबलेल्या त्या गोदामात दुपारी साडेचारला काळाकुट्ट अंधार झाला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सटवाजीनं चौकशी करून आणली, “तार तुटली म्हन्त्यात. आता सकाळच्याला.” कुणीतरी कंदील आणला.

बन्सीधरनं मुकाट्यानं रीळ उतरवायला घेतलं. सव्वापाचची गाडी होती. सत्यशीला बघत होती. सात महिने, चार वेळा पहिलं रीळ, आणि हा माणूस रिळाला फडकं गुंडाळतोय.

“सेक्रेटरीसायब,” आबासाहेब म्हणाले, “शेवट काय हाय?”

“शेवट… शेवट सांगायचा नसतो, आबासाहेब. बघायचा असतो.”

“बघू द्यायलाय कोन इथं? सांगा तोंडी.”

“सांगा, सांगा!” दोन्हीकडून गिल्ला झाला. बन्सीधरनं सवयीनं सत्यशीलाकडे पाहिलं. बोलायचं काम तिचं होतं.

“माझ्याकडे काय बघता?” ती म्हणाली. “मी तिसरं रीळ पाहिलेलं नाही. सांगा ना! एकदा तरी कशाचा तरी शेवट करा.”

तो पुढे आला. कंदिलाच्या उजेडात त्याच्या अंगावरचे कापसाचे तंतू चमकत होते. त्यानं घसा खाकरला.

“तिसऱ्या रिळात… त्याला कळतं, की खून तिनं केलेला नाही. ती खोटं बोलली ती याला वाचवायला. तो तिच्या घरी जातो. पोलीस वर चढलेले असतात. तो जिन्याखाली उभा राहतो. टोपी हातात. ते तिला घेऊन खाली येतात. ती त्याच्या समोर थांबते. आता तो एक वाक्य बोलला तर ती सुटणार आहे… आणि तिला तेच ऐकायचंय.”

रांगा पुढे सरकल्या.

“मंग? काय म्हन्तो?” कडूबाई.

“तो म्हणतो… ‘पाऊस थांबला.’”

“आन्?”

“ती निघून जाते. संपला.”

गोदाम फुटलं.

“पाऊस थांबला? येवढंच?”

“मेल्याचं तोंड शिवलं हुतं का?” कडूबाई उठूनच उभी राहिली. “आरं, बाई जीव टाकायली आन् ह्यो हवामान सांगायलाय!”

“ऐका, ऐका,” बन्सीधर दोन्ही हात वर करून म्हणाला. “हे न बोलणंच त्या सिनेमाचं मोठेपण आहे. जगभर नावाजलाय तो शेवट. मी स्वतः अकरा वेळा पाहिलाय.”

“आणि अकराही वेळा तुम्हाला तो माणूस बरोबर वाटला?” सत्यशीलानं विचारलं. बंद पडलेला माईक अजून तिच्या हातातच होता.

तो तिच्याकडे वळला. या खेपेला चष्मा काढला नाही.

“अकराही वेळा,” तो म्हणाला. “वाटायचं, केवढा संयम! आज चौथ्या वेळी तुमच्या तोंडून ऐकल्यावर… तो संयम नाही. तो घाबरलाय. नुसता घाबरलाय. तोंड उघडलं आणि ती नाही म्हणाली तर… मग परत यायला निमित्त राहणार नाही. म्हणून तो खांबाखाली उभा राहतो.” तो एक पाऊल पुढे आला. “मी सात महिन्यांत तेवीस वेळा सोनपेठला आलो. मंडळाचं काम फार तर तीनदा होतं. सत्यशीला, उद्या… उद्या बापूंना झरीला हो म्हणू देऊ नका. तुम्हाला तसं वाटत असेल तरच, म्हणजे… नाही. वाटत असेल-नसेल ते तुम्ही सांगाल. मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

कंदिलाची वात फुरफुरली.

“काय म्हन्ला?” बायांकडून नर्मदाबाईंचा आवाज आला. “आमाला न्हाई ऐकू आलं. पयल्यापून सांगा!”

कुणीतरी फिसकन हसलं. सत्यशीलाला वाटलं, गेलं. आता हा धूर, सावली, कॅमेरा काढणार. पण बन्सीधर बायांच्या बाजूला वळला आणि परीक्षेतल्या मुलासारखा, खणखणीत म्हणाला, “मला सत्यशीला मॅडमशी लग्न करायचंय. सात महिने सांगायचं होतं. भ्यालो होतो.”

“हां. आता आलं,” नर्मदाबाई म्हणाल्या.

सगळ्या माना सत्यशीलाकडे फिरल्या. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. हे असं! गावाच्या पुढ्यात, फौजदाराच्या वहीसमोर!

“हे तुम्ही सकाळी अकरा वाजता म्हणाला असता तर?” ती कडाडली.

“तर…?”

“तर मी दिवसभर घसा फोडला असता का? गेल्या श्रावणात म्हणाला असता तर मी बापूंची तीन पोस्टकार्डं उशीखाली ठेवून झोपले असते का? रुमालाला इस्त्री करता येते तुम्हाला, आणि…”

“म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “हो?”

“म्हणजे हो!”

ते ती अशी ओरडली, की ते पुन्हा सांगा असं कुणी म्हणालं नाही.

सटवाजीनं दार उघडलं. ऊन आत आलं, माणसं डोळे चोळत उठली. आबासाहेबांनी फर्मावलं की एक नारळ उरलाय, तो वाया जाऊ नये. त्यामुळे सत्कार झाला, हार नव्हते म्हणून प्रोजेक्टरच्या गळ्यातला काढून दोघांत एक घातला गेला, आणि दोन शब्द झाले. आबासाहेबांच्या दोन शब्दांच्या मधेच कधीतरी सव्वापाचची गाडी स्टँडवरून निघून गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सामान आबासाहेबांच्या बैठकीत न्यायचं ठरलं. रात्रीचा मुक्काम तिथं, सकाळी सहाची गाडी. सटवाजीनं प्रोजेक्टर डोक्यावर घेतला. रिळांची पेटी उरली. तिला दोन कड्या होत्या. एक बन्सीधरनं धरली आणि दुसरी, कुणी सांगितलं नसताना, सत्यशीलानं.

बाजारपेठेतून दोघं निघाले. दुकानदार फळीवरून वाकून बघत होते. पेटी जड होती आणि दोघांच्या चालीत मेळ नव्हता; ती भरभर, तो रमतगमत. पेटी मधे हिंदकळत होती. त्यानं हादऱ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

“सकाळी परभणीला रिळं पार्सलला टाकतो,” तो म्हणाला, “आणि तिथूनच ताडकळसला जातो. बापूंना भेटायला.”

“एकटे?”

“मला वाटलं, तुम्हाला कॉलेज…”

“रजा टाकते. एकटे गेलात तर त्यांना पाऊसपाणी सांगून परत याल.” ती दहा पावलं चालली. मग पेटी खाली टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बापूंपुढे बोलायला किती वेळ लागेल तुम्हाला? खरं सांगा.”

त्यानं गंभीरपणे विचार केला. “तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तर… पाच मिनिटं.”

सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्याच्या भुवईवरचा कापूस चिमटीनं काढला. भर बाजारात, हलवायाच्या दुकानासमोर.

“पंधरा धरून चालू,” ती म्हणाली, आणि तिनं आपल्या बाजूची कडी उचलली.